अकरा सारखे अहवाल

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ज्योत्स्नाकडे पाहिले.

"सात महिन्यांपूर्वी सहा आणि आज सहाशे चाळीस. लघवीतलं अल्ब्युमिन सात महिन्यांत अशी उडी मारत नाही. ते वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढत जातं. आधीचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा?"

"आमच्याच लॅबचा."

डॉक्टरांनी जुना कागद पुन्हा उचलला. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'तपासणी : ज्योत्स्ना पगारे' असे छापलेले होते. त्यांनी ते वाचले असावे, किंवा नसावेही. ज्योत्स्नाची नजर मात्र तिथून हलत नव्हती. इंदिरानगरच्या त्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षे काम करत होती आणि आपले नाव कागदावर छापले जाते याचा तिला आजवर अभिमानच वाटत आला होता.

"तुमच्या आईंच्या हृदयाची ताकद निम्म्याहून खाली आली आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. "पायांवरची सूज, आडवं पडलं की लागणारी धाप, हे सगळं त्यामुळेच. हा खरा आकडा तेव्हा हाती आला असता तर इको तेव्हाच केला असता, बीपी आवळलं असतं, औषधं सुरू झाली असती. ज्येष्ठांमध्ये मूत्रपिंडाची चाळणी गळायला लागली की ती नुसती मूत्रपिंडाची गोष्ट राहत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको."

ते सांगायला खरोखरच नको होते. हीच गोष्ट सात महिन्यांपूर्वी तिने स्वतः माइक हातात धरून त्रेचाळीस माणसांना समजावून सांगितली होती.

दवाखान्यातून ती घरी न जाता सरळ लॅबमध्ये गेली. मशीन बिघडलेले असावे अशी तिची इच्छा होती. यंत्राचा दोष निघाला असता तर रागाला एक जागा मिळाली असती. तिने सप्टेंबरमधल्या शिबिराची यादी संगणकावर उघडली. गावातल्या पुरुषांचे आकडे वेगवेगळे होते : अकरा, चौसष्ट, अठ्ठावीस, दोनशे दहा. यंत्र ठीक चालत होते. मग एकोणिसाव्या क्रमांकापासून द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बायकांची टोळी सुरू झाली. कुसाबाई, म्हणजे तिची आई, वय सत्तर, अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे गुणोत्तर सहा. नवसाबाई, वय बासष्ट, सहा. तिच्याखाली सहा, त्याखालीही सहा. क्रिएटिनिनच्या रकान्यात अडतीस, अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. एकोणिसापासून एकोणतीसपर्यंत अकरा बायका, आणि अकरा जणींच्या शरीरांतून जणू एकच पाणी वाहत होते.

तिला सगळ्यात जास्त संताप आला तो या गोष्टीचा की हे दिसायला काही शिक्षण लागत नव्हते. शाळेतल्या पोरानेही तो रकाना पाहून विचारले असते.

पण तो रकाना कोणी पाहिलाच नव्हता. लॅबची रीत ठरलेली होती. आकडा मर्यादेबाहेर गेला की ओळ लाल होते; या तपासणीत मर्यादा तीस. ती उघडायची, नमुना पुन्हा लावायचा, माणसाला फोन करायचा. मर्यादेतल्या ओळी हिरव्या राहतात, आणि हिरव्या ओळी एक कळ दाबून एकदम मंजूर करायच्या. त्या दिवशी सात ओळी लाल होत्या. त्या सातही जणांना ज्योत्स्नाने स्वतः फोन केले होते, एका आजोबांना तर तीनदा. आणि मग उरलेल्या छत्तीस हिरव्या ओळींवर तिने ती कळ दाबली होती. त्यानंतर आईला फोन लावून ती आनंदाने म्हणाली होती, "आई, तुझं एकदम नॉर्मल आहे." "हां," असे म्हणून आईने फोन ठेवला होता. तिने पुढे काहीही विचारले नव्हते. एरवी खोकल्याच्या औषधाबद्दल दहा प्रश्न विचारणाऱ्या बाईने.

लॅबच्या प्रमुख रोशनी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक अहवालावर त्यांची सही असे. सहीचे चित्र संगणकात साठवलेले होते.

"शिबिराचं जुनं प्रकरण आता कशाला काढतेस?" त्या म्हणाल्या. "आयोजकांना रिपोर्ट गेले, विषय संपला."

"मॅडम, अकरा बायकांची लघवी सारखी कशी असेल?"

मॅडमनी रकाना पाहिला. त्या म्हणाल्या, "नसेल. पण मग हे तू तेव्हाच का नाही विचारलंस?"

ज्योत्स्नाने हातातली फाइल टेबलावर अशी आपटली की शेजारच्या खोलीत रक्त काढून घेणारा माणूस दचकला.

*

ते शिबिर दिंडोरीच्या पुढे, तिच्या माहेरच्या गावात झाले होते. गावातला मोठा द्राक्षबागायतदार हर्षल याने ते भरवले होते. शेतकीची पदवी घेतलेला, चाळिशीच्या आतला माणूस. त्याची द्राक्षे परदेशी जात. आदल्या फेब्रुवारीत काढणी चालू असताना सुलाबाई नावाची मजूर त्याच्या बागेत कोसळली होती. हर्षलने तिला स्वतःच्या गाडीत घालून दिंडोरीला नेले, पण ती वाटेतच गेली. हृदयविकार, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरची छाटणी सुरू होण्याआधी, त्याने ज्योत्स्नाच्या लॅबला फोन केला. पन्नाशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करायची होती. आपल्या गावासाठी आपल्या हातून काही होते आहे म्हणून ज्योत्स्नाने त्यासाठी रविवारची सुटीही सोडली.

आदल्या संध्याकाळी, द्राक्षे पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसच्या पत्र्याखाली तिने भाषण केले आणि बाटल्या वाटल्या. सकाळची पहिली लघवी घरूनच भरून आणायची होती. वैद्यकीय शब्द टाळून तिने बागेतलीच उपमा वापरली होती. ठिबकच्या टाकीजवळ फिल्टर असतो ना, तशी आपल्या शरीरात मूत्रपिंडं असतात. चांगला फिल्टर गाळ अडवतो. तो गाळ पुढे सोडायला लागला की समजायचं, नुसता फिल्टर नाही, सगळी लाइन धोक्यात आहे. लघवीत प्रोटीन उतरतं म्हणजे तेच होतं. अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, आणि हृदयालाही त्याच वाहिन्या असतात. छाती दुखायच्या कितीतरी आधी ही बाटली सांगते.

माना डोलल्या होत्या. आपण किती सोपे करून सांगितले, असे तिला वाटले होते.

*

दवाखान्याच्या जिन्याखाली चैताली डबा घेऊन उभी होती. ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ सनी टेम्पो चालवत असे. चैताली त्याची बायको, वय चोवीस, सासूबरोबर त्याच टोळीत जाणारी. टोळीतली ती एकटीच पन्नाशीच्या आतली होती, म्हणून शिबिराची बाटली तिला मिळाली नव्हती.

"चैताली, कोणाची होती ती लघवी?"

"ताई, इथं नका ना ओरडू. लोकं बघतात."

"बघू देत. कोणाची होती?"

चैतालीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"माझी."

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा. नवसामावशी उजाडायच्या आतच दारात हजर. आधी दोन तांबे पाणी पाजलं मला. म्हणे, पोरी, तू एकटीच तरणी, आज आम्हा समद्यांचं तुझ्यावर हाय." तिला तशातही हसू फुटले आणि तिने ते हाताने दाबले. "तिसरा तांब्या पाजला तवा कुठं अकरावी बाटली भरली."

"हसतेस काय? आईचं हृदय निम्मं गेलंय आणि तू हसतेस?"

चैतालीचे हसू विरले. तिचा आवाजही चढला. "मंग काय करू? सासू म्हणली भर, मावशी म्हणली भर. त्या घरात मी कोण नाय म्हणणारी?"

"मला एक फोन करता आला नसता?"

"तुम्हाला?" चैतालीने डबा या हातातून त्या हातात घेतला. "तुम्ही तर हर्षल शेठच्या शेजारी खुर्चीत बसल्या होत्या, ताई."

*

कुसाबाई उशांना टेकून बसली होती. नाकात नळी होती. पाय चादरीबाहेर होते, आणि घोट्यावर बोट दाबले तर तिथे खळगा राहत होता. लेक आत आलेली पाहताच ती म्हणाली, "आलीस? बाटली आणली का परत?"

"आई, चैतालीनं सांगितलं मला सगळं. का केलंस असं?"

"तुझं भाषण ऐकलं म्हणून."

"मी असं करायला सांगितलं होतं?"

"तू म्हणलीस, फिल्टर गळाला की समदी लाइन गेली. त्याच्यावर शेठनी काय इचारलं, ते आठवतं का?"

ज्योत्स्नाला आठवले. हर्षलने तिच्या हातातून माइक घेतला होता आणि हसत विचारले होते, "काय मावशी, खराब फिल्टरचं आपण काय करतो?" मागून कोणीतरी ओरडले, "बदलतो!" आणि सगळे पॅकहाऊस हसले होते.

"तो विनोद होता, आई."

"तूबी हसलीस." कुसाबाईने दम घेतला. नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता. "सुला मेली त्याच्या दुसऱ्या दिशी तो नवसाला म्हणला, आता टोळीत फिट बाया आण, माझ्या डोक्याला ताप नको. मंग तू आली, बाटल्या घेऊन. आम्हाला कळत नाय व्हय बाटल्या कशाला? बाजारात बैलाचे दात बघत्यात तसं."

"पण तुझा जीव…"

"माझा जीव बागेत हाय. चाळीस वर्सं तिथं गेली. घरी बसून सुनेच्या हाताकडं बघू?"

"आणि सुजेची गोळी? मागच्याच महिन्यात पाय सुजले तेव्हा मी मुद्दाम घेऊन दिली होती. ती का बंद केलीस?"

कुसाबाईने डोळे मोठे केले. हे लेकीला कळत नाही याचाच तिला राग आला असावा.

"ती घेतली की तासातासाला जावं लागतं. खरड छाटणी झाल्यावर बागेत काय ऱ्हातं? नुसती खोडं आन् तारा. ह्या टोकाचं माणूस त्या टोकाला दिसतं. गडी माणसं फवारणीला. कुठं बसू मी, सांग की. तुझ्या भाषणात ते नव्हतं."

ज्योत्स्ना खुर्चीच्या कडेवर बसली. बाजूच्या खाटेवरची बाई, ऐकत नाही असे दाखवत पण सगळे ऐकू येईल अशा बेताने, कूस बदलून पडली होती.

"तू खोटी बाटली दिलीस, आई. मला फसवलंस."

"दिली. जाणूनबुजून दिली. माझं मला ठाऊक होतं, रोज जिना चढल्यावानी धाप लागायची." कुसाबाईने बोट तिच्याकडे रोखले. त्या बोटाला कात्रीचा जुना घट्टा होता. "पण तू एवढी शिकली. मी तुला दिंडोरीच्या शाळेत धाडायला पायी चालली. तुझ्या त्या मशिनीनं सांगितलं, अकरा बाया एकसारख्या, आन् तुला ते खरं वाटलं? नवसा आन् मी एकसारख्या? तुला काहीच नाय वाटलं?"

परिचारिका धावत आली. "आजी, बोलायचं नाही. ताई, तुम्ही बाहेर व्हा बरं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना स्कूटरवरून बागेत पोहोचली तेव्हा टोळीची न्याहारीची वेळ झाली होती. बायका बांधावरच्या लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. समोर छाटलेली बाग उघडी पडलेली, नुसती खोडे आणि ताणलेल्या तारा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडोसा म्हणून काही नव्हते. या बागेतून ती शेकडो वेळा गेली होती, पण ही गोष्ट तिने आजच पाहिली.

"आली व बाटलीवाली," नवसाबाई म्हणाली. टोळीची ती मुकादम, काटकुळी, आवाजाने मात्र दोन बागांपलीकडे ऐकू जाणारी. बायका हसल्या.

"मावशी, आई दवाखान्यात आहे. आणि तुम्ही हसता?"

"ठाऊक हाय. आम्हीच तिला टेम्पोत घातली. तवा तू कुठं होती?"

"तुमच्या त्या बाटल्यांमुळे ती…"

"आमच्या?" नवसाबाईने भाकरीचा तुकडा फडक्यावर टाकला. "बाटल्या कोण घेऊन आलं? आम्ही गेलो होतो का तुझ्या नाशकात, आमची लघवी बघ म्हणून?"

"तुमच्यातल्या कोणाचंही हृदय आत्ता आईसारखं होत असेल! सुलाबाईसारखं होत असेल. कळतंय का तुम्हाला?" ज्योत्स्ना ओरडली. तिने हातातली पिशवी वर उचलली तशा आत रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. "मी पुन्हा बाटल्या आणल्यात. या वेळी खऱ्या द्या. प्रत्येकीनं आपापली."

तेवढ्यात बांधावरून मोटारसायकल आली. हर्षलने गाडी उभी केली, ज्योत्स्नाला पाहून हेल्मेट काढले.

"ताई, कुसामावशी कशा आहेत? मी संध्याकाळी येणारच होतो बघायला." मग त्याचे लक्ष पिशवीकडे गेले. "अरे वा, पुन्हा तपासणी? बरं झालं. रिपोर्ट मात्र मागच्यासारखे एकाच फाइलमध्ये पाठवा माझ्या मोबाइलवर. एकत्र बघायला सोपं जातं."

बायकांचे घास थांबले. नवसाबाईने हर्षलकडे पाहिलेच नाही. ती ज्योत्स्नाकडे पाहत राहिली.

लॅबची तीही एक रीत होती. शिबिराचे अहवाल आयोजकाला जातात. त्रेचाळीस माणसांची नावे, वये, रक्तदाब, साखर, लघवी हे सारे एका फाइलमध्ये घालून तिने त्या संध्याकाळी या माणसाला पाठवले होते. त्यात काही चुकते आहे असे तिच्या मनातही आले नव्हते. काल दिवसभर ती मशीनवर, चैतालीवर, आईवर, मॅडमवर चिडली होती. तो सगळा राग आता एकाएकी तिच्या स्वतःच्या अंगावर येऊन उभा राहिला.

"मी पाठवले होते," ती बायकांना म्हणाली. "तुमचे सगळ्यांचे रिपोर्ट. तुम्हाला न विचारता."

"त्यात काय एवढं?" हर्षल म्हणाला. "शिबिर मी भरवलं. काळजी होती म्हणूनच ना? सुलाबाई गेल्या तेव्हा पोलीस माझ्या दारात आले होते, ताई. मी चार रात्री झोपलो नव्हतो. बागेत उद्या पुन्हा कोणी पडलं तर जबाबदार कोण? मला माहीत नको कोण फिट आहे आणि कोण नाही?"

त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. त्यामुळे ज्योत्स्नाचा संताप अधिकच वाढला.

"माहीत झाल्यावर काय केलं असतं तुम्ही?" तिने विचारले. "यांच्यातल्या ज्यांची ओळ लाल आली असती त्यांना औषध दिलं असतं, की घरी बसवलं असतं?"

हर्षलने हेल्मेट गाडीवर ठेवले. "हलकं काम दिलं असतं."

"बागेत हलकं काम कंचं असतं, शेठ?" नवसाबाईने विचारले. "आम्हाला चाळीस वर्सांत गावलं नाय."

"काळजीच असेल तर बांधावर एक संडास बांधा," ज्योत्स्ना म्हणाली. "माझ्या आईनं सुजेची गोळी बंद केली, कारण ती घेतली की लघवीला जावं लागतं, आणि तुमच्या बारा एकरांत बाईला बसायला जागा नाही. परदेशी जाणाऱ्या मालासाठी पॅकहाऊसमध्ये हात धुवायचे तीन नळ आहेत. मी पाहिलेत. इथं एक पत्रा उभा केलेला नाही."

हर्षलचा चेहरा लाल झाला. "तुम्ही गावच्या म्हणून ऐकून घेतोय. तुमच्या बाटल्या घ्या आणि काय करायचं ते बागेबाहेर करा."

"बाहेरच करतो, शेठ," नवसाबाई शांतपणे म्हणाली. "बाग तुमची. मुतणं तरी आमचंच हाय ना?"

पहिल्यांदा एक बाई हसली, मग दोघी, मग सगळा लिंबाखालचा घोळका. हर्षलने गाडीला किक मारली आणि तो निघून गेला. हसू ओसरल्यावर मात्र बायकांनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यांत बांधायला घेतल्या. हे हसणे उद्या अंगावर येणार हे त्यांना माहीत होते.

"बाटलीवर नाव लिहायचं नाय," नवसाबाई म्हणाली.

"मग कोणाची कोणती हे मला कसं कळणार?"

"तुला कळायचं कामच काय? आमचं आम्हाला कळलं म्हणजे झालं. ज्याचा त्याचा दोरा बांधू. आकडा तू येऊन सांगायचा, कानात. फोनवर नाय, कागदावर नाय. आन् चैतालीलाबी सांगायचं नाय."

ज्योत्स्ना कबूल झाली. नवसाबाईने पिशवीतून एकेक बाटली काढून वाटली. दहावी बाटली तिने स्वतःजवळ ठेवली, थोडा वेळ हातात फिरवली, आणि पिशवीत परत टाकली.

"तुमची, मावशी?"

"माझं मी बघीन."

*

तिसऱ्या दिवशी सनीच्या टेम्पोतून आठ बाटल्या लॅबमध्ये आल्या. नवसाबाईची आणि आणखी एकीची, अशा दोन आल्या नाहीत. प्रत्येक बाटलीच्या मानेला काहीतरी बांधलेले होते : लाल सूत, वेली बांधायची सुतळी, पोत्याचा धागा, लुगड्याच्या काठाची चिंधी. एका बाटलीला तुटलेल्या बांगडीचा तुकडा चिकटपट्टीने लावला होता. रोशनी मॅडमनी ते पाहिले आणि विचारले, "याची नोंद कशी करणार आहेस?"

"लाल सूत, सुतळी, पोतं. अशीच."

"सॉफ्टवेअर घेणार नाही."

"मग मी वहीत लिहीन. आणि मॅडम, यापुढे शिबिराचा रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात जाईल. आयोजकाला नाही. तसं होणार नसेल तर त्याखाली माझं नाव छापू नका."

मॅडमनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्या आपल्या खोलीत गेल्या. दार मात्र त्यांनी उघडे ठेवले.

आठही आकडे वेगवेगळे आले. ज्योत्स्नाने हिरव्या ओळीसुद्धा एकेक उघडून वाचल्या. चार हिरव्या होत्या. चार लाल : बावन्न, एकशे तीस, नव्वद, आणि बांगडीच्या तुकड्याची चारशे दहा. ज्या बाईच्या बाटलीवर तो तुकडा होता तीही सप्टेंबरमध्ये सहा होती.

त्या आठवड्यात हर्षलने उरलेल्या छाटणीसाठी पेठ तालुक्यातली टोळी आणली. नवसाबाईच्या बायकांना चार किलोमीटर पलीकडच्या बागेत काम मिळाले, पायी जायचे, पायी यायचे. नवसाबाईने ज्योत्स्नाला फोन करून पाच मिनिटे न थांबता शिव्या दिल्या. त्यात ज्योत्स्नाचे शिक्षण, तिची स्कूटर आणि तिची मशीन, काहीही सुटले नाही. शेवटी तिने विचारले, "कुसाची धाप कशी हाय?" आणि उत्तर ऐकून फोन ठेवला.

कुसाबाईची धाप कमी झाली होती. ती आता ज्योत्स्नाकडे इंदिरानगरात राहत होती, आणि तिला तिथले काहीच आवडत नव्हते. गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते म्हणून ती चिडे, चहात साखर नाही म्हणून चिडे. मीठ कमी आहे म्हणून तर ताटच सरकवून देई. बागेत पुन्हा जाता येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण त्यावर ती एक अक्षर बोलली नव्हती. गोळ्या मात्र ती वेळेवर घेत होती. सुजेची गोळी घेऊन दर तासाला न्हाणीघरात जाई आणि दार जोरात लावून घेई.

महिन्याने पुन्हा तपासणीची वेळ आली. ज्योत्स्नाने आदल्या दिवशी बाटली न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती. सकाळी कुसाबाई बाहेर आली, आणि लेक चहा पीत बसली होती त्या टेबलावर, कपाच्या शेजारी, तिने ती बाटली ठेवली.

"घे. माझीच हाय. ह्या खेपेला नीट वाच."

दुपारी ज्योत्स्नाने ती ओळ उघडली. ओळ लाल होती. तिने नमुना पुन्हा लावला. तोच आकडा आला. तिने घरी फोन केला.

"आई, पाचशे नव्वद."

"म्हंजे?"

"म्हणजे अजून गळतंय. थोडं कमी, पण गळतंय. हे औषधांनी सावकाश खाली येईल. पूर्वीसारखं होणार नाही."

"मंग तसं सांग की. घाबरती कशाला?" पलीकडे भांड्याचा आवाज झाला. "त्या चौघींना सांगितलंस का?"

"तिघींना सांगितलं. डॉक्टरकडे घेऊन गेले. चौथीनं आपली खूण ओळखली आणि दार लावून घेतलं, ते उघडत नाही. दोनदा जाऊन आले, उद्या परत जाते."

"कोण ती? सांग, मी नवसाला फोन करती, ती बरोबर उघडायला लावील."

ज्योत्स्ना समोरच्या वहीकडे पाहत होती. बांगडीचा तुकडा, चारशे दहा.

"ते मी तुला सांगणार नाही, आई."

पलीकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला, मग आईचा श्वास.

"हां," कुसाबाई म्हणाली. या वेळी तिने फोन ठेवला नाही.